दोन वीत कापड

धाकट्याला लग्नानंतर सात वर्षांनी मुलगा झाला, त्याच वर्षी ताईने पाच वर्षांची मुलगी घरी आणली. थंडी ओसरताना बाळ आलं, ऊन तापू लागलं तेव्हा मुलगी आली. पाळकबाईंनी दोघांच्या बाप्तिस्म्यासाठी एकच रविवार ठरवला. त्यांचा हेतू चांगला होता. पण त्यांना शिवणकाम येत नव्हतं, त्यामुळे अडचण त्यांच्या लक्षात आली नाही.

झगा एकच होता.

दादांच्या आजीने शिवलेला तो पांढरा झगा. या शिंप्यांच्या घरातलं प्रत्येक लेकरू तोच घालून बाप्तिस्मा घेत आलं होतं. आजीला अक्षर येत नव्हतं, तिच्या सुनेलाही येत नव्हतं. म्हणून झग्याच्या खालच्या दुमडीत, आतल्या बाजूने, नावांच्या जागी चिन्हं भरलेली होती. दादांची किल्ली. त्यांच्या बहिणीचं, म्हणजे आत्याचं, पान. ताईचा कंगवा, कारण सहा वर्षांची असताना ती अनाथाश्रमातून या घरात आली तेव्हा तिच्या मुठीत कंगवा होता आणि दोन दिवस तिने तो सोडला नव्हता. ताईनंतर दोन वर्षांनी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, जन्मलेल्या धाकट्याची घंटा.

दुकानाला आग लागली तेव्हा आत्याने मशीन नाही, कापडाचे तागे नाहीत, हा झगा बाहेर काढला होता. डाव्या मनगटावरचा डाग ती अजून बाहीखाली झाकून ठेवायची. तेव्हापासून झगा तिच्या कपाटात कुलपाआड असे आणि त्याचं काय करायचं ते तीच ठरवत असे. आजवर त्यावरून कधी वाद झाला नव्हता.

बाप्तिस्म्याच्या आदल्या रविवारी उपासना आटोपून सगळे दुकानावरच्या खोलीत जेवायला जमले. ताटं उचलल्यावर आत्याने टेबल पुसलं, कोरडं केलं, वर चादर घातली आणि झगा पसरला.

"बगलेत हात लावून बघा," ती म्हणाली.

धाकट्याच्या बायकोने हात लावला. "गाठोडं आहे, आत्या."

"गाठोडंच. वहिनीच्या कळ्या." वहिनी म्हणजे दादांची बायको, ताईची आणि धाकट्याची आई. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती. "सहा वर्षांच्या पोरीला हा झगा बसावा म्हणून तिने दोन्ही बाजू उसवल्या आणि काखेपासून खालपर्यंत जादा कापडाच्या कळ्या जोडल्या. मग धाकट्याच्या वेळी त्याच आत दुमडून टाकल्या. हा बिचारा सगळा वेळ दोन्ही हात वर करून होता. पाळकांना शरण आल्यासारखा."

"तरीच मला अजून प्रत्येक शर्ट काखेत लागतो," धाकटा म्हणाला.

"हसण्यावारी नेऊ नकोस. कापड विरलंय. शिवणीत सुईची भोकं इतकी झालीत की हा झगा आता एकदा उसवता येईल आणि एकदा शिवता येईल. पुन्हा नाही. तेव्हा मी ठरवलंय. कळ्या काढून टाकायच्या, मुळात होता तसा करायचा आणि बाळाला घालायचा."

ताई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. तिने छोटीला सांगून ठेवलं होतं. एकदा नाही, रोज. या घरात एक झगा आहे, त्यात सगळ्यांची चिन्हं आहेत, तुझंही भरणार, आणि तिथलं चिन्ह कुणी कधी काढत नाही.

"आत्या, मी छोटीला शब्द दिलाय," ती म्हणाली.

"विचारून द्यायचा होतास."

"आईने माझ्यासाठी कळ्या घातल्या, तेव्हा तिने तुम्हाला विचारलं होतं का?"

"नव्हतं. म्हणून तर हे गाठोडं झालं," आत्या म्हणाली. मग आवाज जरा खाली आणला. "हे बघ, छोटीला मी नवा शिवते. लेस लावून शिवते. लोक बाळाकडे बघणार नाहीत, तिच्याकडेच बघतील."

"नवा काही वाईट नाही," ताईचा नवरा म्हणाला. तो बसगाड्या दुरुस्त करायचा आणि नव्या भागांवर त्याचा विश्वास होता. ताईने त्याच्याकडे पाहिलं तसा तो भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागला.

"मग नवा बाळालाच शिव ना," धाकटा म्हणाला. "त्याला काय कळतंय? तो दोन्हींवर सारखाच ओकणार."

"तो या घरचा आहे!" आत्याचा हात टेबलावर आपटला. "हा झगा या घरच्या रक्तासाठी शिवलाय. दत्तक घ्या, दहा घ्या, चांगलं काम आहे, मी कधी नाही म्हटलंय? पण ठिगळ लावलं म्हणून कापड एक होत नाही. शिंप्याच्या घरात हे मी सांगायला नको."

ठिगळ. लहानपणी आत्या ताईला याच नावाने हाक मारायची. ताईच्या आईने एकदा कात्री हातात घेऊन ती हाक बंद केली होती, आणि पस्तीस वर्षं ती कुणी ऐकली नव्हती.

सगळ्यांनी दादांकडे पाहिलं. दादांना दोन वर्षांपासून दिसत नव्हतं, पण कोण कुठे बघतंय ते त्यांना कळायचं. त्यांनी तोंड पुसलं.

"रविवारला अजून सात दिवस आहेत," ते म्हणाले. बस्स, एवढंच.

ताईला वाटलं होतं, बाबा बोलतील. तिने पर्स उचलली आणि छोटीला हाक मारली. छोटी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. पायांत चपला, पट्टे घट्ट लावलेले.

"मग मी रविवारपर्यंतच आहे का?" तिने विचारलं.

*

सोमवारी सकाळी धाकट्याची बायको दुकानात इस्त्री करत होती. बाळ टोपलीत झोपलं होतं. खरं तर ती जिंकली होती. लग्न करून आल्यापासून आत्याने पहिल्यांदाच तिच्या बाजूने टेबलावर हात आपटला होता. पण रात्रभर तिला झोप नव्हती, आणि या वेळी कारण बाळ नव्हतं.

ताई काजं करून झालेले शर्ट घेऊन आली. दुकानातली सगळी काजं ताईच करायची. तिच्या काजांना उलट-सुलट नव्हतं, दोन्हीकडून सारखी.

"ताई, मी आत्यांना सांगते. आम्हाला नको झगा. छोटीलाच घाला."

"सांगू नकोस."

"का?"

"तू सोडलास म्हणून तिला मिळाला, तर तो उपकार झाला. उपकाराचे कपडे तिने पुष्कळ घातलेत." ताईने शर्ट मोजत बाजूला ठेवले. "दोन घरांनी परत पाठवलंय तिला. एका घरातून आठ दिवसांत, एका घरातून पाच महिन्यांनी. चपला घालून झोपते. मी काढायला गेले तर म्हणाली, घाईत चपला राहून जातात."

धाकट्याच्या बायकोने इस्त्री उभी केली.

"आईने झग्याला कात्री लावली तेव्हा मी बेतायच्या टेबलाखाली होते," ताई म्हणाली. "मला वाटलं, माझ्यामुळे काहीतरी फाडतायत, आता मार बसणार. मग तिने मला बाहेर ओढलं आणि मापपट्टी माझ्या छातीभोवती फिरवली. कुणी माझं माप घेण्याची ती पहिलीच वेळ. तोपर्यंत मिळेल त्यात मीच बसायचे. त्या दिवशी पहिल्यांदा मला बसेल असं काहीतरी कुणी करत होतं. आणि तेही काय फाडून! मला अजून आठवलं की..." तिने शर्टांची चळत सरळ केली. "मला आत्यांशी भांडायचं नाही. मला फक्त तेच हिला द्यायचंय."

"एक विचारू? मी सून, म्हणून आत्यांना तुम्ही म्हणते. आमचे हे त्यांना तू म्हणतात. तुम्ही लेक असून तुम्ही का म्हणता?"

ताई हसली. "पहिल्या दिवशी तोंडातून तुम्ही गेलं. त्यांनी दुरुस्त केलं नाही."

*

बुधवारी दुपारी दुकान जेवणासाठी बंद असताना आत्या झगा घेऊन खिडकीशी बसली. उजेड चांगला होता. तिने पातं घेतलं आणि डावी बाजू उसवायला सुरुवात केली.

वहिनीचा टाका ती कुठेही ओळखली असती. बारीक, घट्ट, घाईतला. वहिनी सगळं घाईत करायची आणि सगळं टिकायचं, याचाच आत्याला राग यायचा. एकेक टाका तोडत ती काखेपासून खाली आली. अर्ध्या तासात कळी सुटी झाली. तिने ती बाजूला ठेवली आणि झग्याची मूळ कड उजेडात धरली.

वहिनीच्या भोकांच्या शेजारी दुसरी एक ओळ होती.

ती जुनी होती. धुऊन धुऊन भोकं जवळजवळ बुजली होती. काखेच्या खाली बोटभर लांबीची एक चिंधी शिवणीत अजून अडकलेली होती. कुणीतरी इथे पूर्वी एक कळी जोडली होती आणि नंतर कापून काढली होती. कापताना एवढं राहून गेलं होतं. टाके उलट्या बाजूला कललेले.

आत्याने चष्मा पुसला. आई डावखुरी होती. या घरात उलटे कललेले टाके दुसऱ्या कुणाचेच नव्हते.

तिला हसूच आलं. आईनेही! मग हसू थांबलं. तान्ह्या बाळाला कळी कशाला लागते? तिने झग्याचा खांदा चाचपला. बाहीचा घेर त्या काळी मोठा करून पुन्हा लहान केलेला होता. जुन्या भोकांवरून तिने बोटांनी माप घेतलं. पन्नास वर्षं तिने लेकरांचे कपडे बेतले होते. हा घेर तान्ह्याचा नव्हता. तीन, फार तर साडेतीन वर्षांच्या लेकराचा होता.

आईच्या हातून या झग्यातून दोनच लेकरं गेली होती. दादा आणि ती.

दादा असेल, तिने स्वतःला सांगितलं. दादाने उशिरा बाप्तिस्मा घेतला असेल, आजारी वगैरे असेल. तिच्याबद्दल तर घरात सगळ्यांना पाठ होतं. चाळीस दिवसांची असताना तिचा बाप्तिस्मा झाला आणि ती अजिबात रडली नाही. आई दर वाढदिवसाला सांगायची.

चिंधीतला दोरा तिने सुईच्या टोकाने वर काढला. पांढरा सुती नव्हता. सायीच्या रंगाचा रेशमी दोरा होता. तिने झगा उलटा केला आणि खालची दुमड उघडली. किल्ली पांढऱ्या सुती दोऱ्याने भरलेली होती. तिच्या शेजारी पान.

पान सायीच्या रंगाचं होतं.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग तिने पातं डबीत ठेवलं, डबी बंद केली आणि जिना चढली.

*

दादा खाटेवर बसून बटणं निवडत होते. दिसेनासं झाल्यापासून ते काम त्यांनी मागून घेतलं होतं. दोन भोकांची एका वाटीत, चार भोकांची दुसऱ्या.

"बाई, तुझं पाऊल आज जड पडतंय," ते म्हणाले.

"किती वर्षांची होते मी?"

दादांचा हात वाटीत थांबला. त्यांनी काय, कधी, असं काही विचारलं नाही.

"साडेतीन," ते म्हणाले. "मी नऊचा होतो. बस."

"उभी ठीक आहे."

"मग उभ्याने ऐक. आई दवाखान्याचे पडदे शिवून द्यायला गेली होती. आली तेव्हा पडद्यांच्या पिशवीतून तुझे पाय बाहेर. तुला जन्म देणारी तिथे तापाने गेली होती. तिच्यामागे कुणी आलं नाही. आई म्हणाली, पडदे दिले आणि ही आणली. बाबा हसून म्हणाले, हवं तर पडदे परत आण, ही मात्र राहू दे."

आत्या बसली.

"चाळीस दिवस?"

"घरात येऊन चाळीस दिवस झाले होते. आई त्या दिवसापासूनच मोजायची. ती खोटं नव्हती बोलत, बाई. तिच्या हिशेबाने तू तेव्हाच जन्मली होतीस."

"आणि रडले नाही."

"रडली नाहीस. पाळकांच्या हाताला चावलीस."

आत्याच्या तोंडून एक आवाज निघाला. हसण्याचा की कशाचा, ते दादांना कळलं नाही.

"वहिनीला माहीत होतं?"

"तिने झगा उसवला तेव्हा दिसलंच की. काय, शिंपीण नव्हती ती? रात्री मला म्हणाली, तुमच्या बहिणीची शिवण माझ्या शिवणीखाली झाकून टाकते. तिला नको असेल तोवर कुणाला दिसायला नको."

आत्याने हात मांडीवर ठेवले. त्या बाईच्या टाक्यांना ती तीस वर्षं नावं ठेवत आली होती.

"रविवारी का नाही बोललास? मी रक्त रक्त करत होते, तू तोंड पुसत बसलास!"

"बोललो असतो तर ते दगडासारखं लागलं असतं. आईने ते मला दगड म्हणून दिलं नव्हतं."

"ताई माझ्यामुळे रडत गेली."

"माहीत आहे. ते माझ्या माथी आहे." दादांनी एक बटण चाचपलं आणि चुकीच्या वाटीत टाकलं. "सात दिवस म्हटलं, कारण वाटलं, तुझ्या हातात पातं आहे. तू उसवशील. तू काही अर्धवट सोडत नाहीस."

दादांनी वाट्या जरा बाजूला सारल्या. मग दादा म्हणाले, "लहानपणापासून दर रविवारी आपण उभे राहून देवाला बाप म्हणतो. कुठल्या नात्याने म्हणतो? त्याचा स्वतःचा मुलगा एकच. बाकी आपण सगळे आणलेले. त्या मुलाने आपल्याला भावंडं म्हटलं, म्हणून बापाने दार उघडलं. मी आईच्या पोटचा, पण त्या घरात मलाही आणूनच बसवलंय. पोटच्यांचं दार वेगळं नाही तिथे."

"हे मी हजार वेळा ऐकलंय."

"हो. पण रविवारच्या कपड्यांत ऐकलंयस."

आत्याने पदराच्या टोकाने नाक पुसलं. "मला राग यायला हवा. शोधतेय, सापडत नाही." ती थांबली. "पोटी आलेलं ठेवावंच लागतं, दादा. मला ठेवायलाच हवं असं काही नव्हतं. मला बघून, उचलून आणलं. पिशवीतून पाय बाहेर येत होते तरी आणलं."

"जड होतीस म्हणे. आईची पाठ आठवडाभर दुखत होती."

"गप बस," आत्या म्हणाली, आणि चुकीच्या वाटीतलं बटण उचलून बरोबर वाटीत टाकलं.

*

गुरुवारी आत्या ताईच्या घरचे तीन मजले चढली. या घरात ती पहिल्यांदाच येत होती. ताईने दार उघडलं तेव्हा ती धापा टाकत होती, त्यामुळे पहिली काही मिनिटं कुणालाच काही बोलावं लागलं नाही.

मग तिने पिशवीतून झगा काढला. दोन्ही कळ्या सुट्या होत्या. ताईचा चेहरा उतरला.

"थांब, आधी ऐक." आत्याने दुसरं कापड काढलं. पांढरं, तलम, घड्यांवर पिवळसर पडलेलं. "झग्याची कड आता टाका धरणार नाही. म्हणून कडेला आतून या कापडाची पट्टी लावायची. कळ्यांनाही लावायची. कळ्यांना बटणं, कडेला काजं. हवी तेव्हा कळी लावा, नको तेव्हा काढा. यापुढे हा झगा कुणासाठीच उसवावा लागणार नाही. आधी छोटीला घालू, मग आतल्या खोलीत मी कळ्या काढते, मग बाळाला. पट्ट्या आणि बटणं मी लावते. काजं माझ्याने होणार नाहीत. चोवीस लागतील. तुझ्याइतकी काजं कुणाची नाहीत. हे मी आधी कधी बोलले नाही, आज बोलते."

ताई कापडाकडे बघत होती. घरातल्या सगळ्यांना ते कापड माहीत होतं. कपाटाच्या तळाशी, कागदात गुंडाळून. आत्याने स्वतःच्या शेवटच्या, दफनाच्या पोशाखासाठी घेतलेलं, वीस वर्षं कुणाला हात लावू न दिलेलं.

"आत्या, हे तर तुमचं..."

"दोन वीत जाईल. झाकायला उरतंय की. पोशाख आखूड आहे म्हणून मला तिथे दारात कुणी अडवणार नाही." तिने कापडावरून हात फिरवला. "मी साडेतीन वर्षांची असताना आपल्या घरात आले. काल कळलं. पडद्यांच्या पिशवीतून आणली."

ताईने कापडाची घडी हातात घेतली.

"तुला ठिगळ म्हणायचे मी."

"हो."

"माझ्यासमोर एकदा तूही मला म्हण. फिटून जाऊ दे."

"नाही म्हणणार," ताई म्हणाली. "चहा ठेवते. बसा."

"बस म्हण. कितीदा जिने चढायला लावशील?"

ताईने तिच्याकडे पाहिलं. "बस, आत्या," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन जरा जास्तच वेळ घालवला.

छोटी दाराआडून बघत होती. आत्याने मापपट्टी गळ्यातून काढली. "इकडे ये. हात वर कर. पोट आत ओढू नकोस, कपडा पोटाला होतो, पोट कपड्याला नाही." पट्टी छातीभोवती फिरली. "चिन्ह काय भरायचं तुझं? फूल? मासा?"

छोटीने पायांकडे पाहिलं. "चपला."

"झग्यावर चपला!"

"चालेल का?"

"चालेल. एक का दोन?"

"दोन. एक घालून कसं चालणार?"

"खरं आहे," आत्या म्हणाली. "पट्टे कसे हवेत ते नीट दाखव. मी अंदाजाने काही करत नाही."

*

रविवारी छोटीने झगा घातला. कळ्या लावल्या होत्या, बारा बटणं एका बाजूला, बारा दुसऱ्या. पाळकबाईंनी पाणी घातलं आणि म्हणाल्या, आज देवाने हिला आपली म्हटलंय, आणि त्याने एकदा आपलं म्हटलेलं तो परत पाठवत नाही. छोटीने मान वर करून त्यांना विचारलं, "कधीच?" पहिल्या दोन रांगांनी ते ऐकलं. पाळकबाई म्हणाल्या, "कधीच." दादा पहिल्या रांगेत होते, त्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं. ते नेहमी हळू म्हणायचे.

मग आतल्या खोलीत आत्या आणि ताई दोघी गुडघ्यांवर बसून बटणं काढू लागल्या. बाहेर मंडळीने गीताची चार कडवी गायली, पाचवं सुरू केलं. एक बटण निघेना. "काज घट्ट केलंस," आत्या म्हणाली. "बटण जाड लावलंस," ताई म्हणाली. धाकट्याच्या बायकोने बाळाला झग्यात घातलं. बगलेत काही टोचलं नाही. बाळाने हात खाली ठेवले आणि पाणी पडायच्या आधीच झग्यावर ओकलं.

"सांगितलं होतं," धाकटा कुजबुजला.

उपासना सुटल्यावर सगळे चालत दुकानाकडे निघाले. छोटी आत्याचं बोट धरून पुढे होती, तिला चिन्हं पुन्हा एकदा बघायची होती. अर्ध्या वाटेत ताईच्या नवऱ्याच्या लक्षात आलं. "अरे, हिच्या पायांत काही नाही. चपला तिथेच राहिल्या. मी पळत जाऊन आणतो."

ताईने त्याचा हात धरला. "राहू देत," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी आणू."

दादा त्याच वर्षी डिसेंबरच्या बारा तारखेला झोपेत वारले. त्यानंतर सहा वर्षांनी, छोटी अकरा वर्षांची असताना, मार्चच्या चार तारखेला दुपारी आत्या वारली. तिचा पोशाख ताईने शिवला. दोन वीत कापड कमी पडलं. ताईने त्याला दुसरं कापड जोडलं नाही, आखूडच ठेवला.